घरातले काम आणि घरातून काम

सकाळी मुले शाळेत गेली, पुरुषमंडळी कामाला लागली की आपल्या वस्त्यांतल्या पुष्कळ घरांत दुसरा दिवस सुरू होतो. मालेगावात कुणी चरख्यावर कांड्या भरायला बसते. सोलापुरात कुणी सूप पुढ्यात ओढून विड्या वळते. मुंब्र्यात कुणी साडीला फॉल लावते, कुणी ओढणीवर खडे चिकटवते. कुणी शिकवणीसाठी चटई अंथरते, कुणी बिर्याणीची ऑर्डर घेते, आणि पुण्याच्या कोंढव्यात कुणी लॅपटॉप उघडून कंपनीच्या मीटिंगला हजर होते. यातल्या काही जणी सातवीपर्यंत शिकलेल्या, काही इंजिनिअर. कमाईत जमीन-अस्मानाचा फरक. अडचण मात्र सगळ्यांची एकच : काम घरात आहे म्हणून ते कुणाला काम वाटत नाही.

शाळेत प्रवेशाचे अर्ज भरून घेताना आम्हाला हे नेहमी दिसते. ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिलेले असते. मुलाला विचारले तर तो सांगतो, ‘अम्मी काही करत नाही, घरीच असते. मशीन चालवते.’ त्याच मशीनच्या पैशातून त्याची वह्या-पुस्तके आलेली असतात, हे त्याला ठाऊक नसते. कारण घरात ते कुणी बोलून दाखवलेले नसते.

म्हणून सुरुवातीलाच एक फरक करू या. स्वयंपाक, धुणे, भांडी, मुलांचे आवरणे, म्हाताऱ्यांची देखभाल हे घरातले काम. ते कधीच संपत नाही. शिवण, विड्या, शिकवणी, डबे, कॉम्प्युटरवरचे काम हे घरातून काम. त्याची कुणीतरी वाट पाहत असते आणि त्याचा मोबदला मिळतो. दोन्ही एकाच छपराखाली असल्यामुळे त्यांची सरमिसळ होते. डाळ शिजेपर्यंत दोन शिलाया, मध्येच दारात भाजीवाला, मग पाहुणे, मग मुले आली. रात्री पाहावे तर ना घर आवरले ना शिवण झाले. शरीर थकते आणि मन म्हणते, दिवसभर केले तरी काय? घरातून काम करणाऱ्याचा उत्साह मावळण्याचे मूळ बहुधा या सरमिसळीत असते. ती सोडवायची कशी, त्याचा विचार आपण करू.

मन लागण्याची वाट पाहू नये

आम्ही शिक्षक. रोज साठ मुलांपुढे उभे राहतो. साठांपैकी किती मुलांना सोमवारी सकाळी भूमिती शिकण्याची हौस असते? फार थोड्यांना. तरी शाळा चालते. ती मुलांच्या उत्साहावर चालत नाही, घंटेवर चालते. घंटा झाली की वही उघडायची, एवढी सवय झालेली असते. वही उघडली की हळूहळू लक्षही लागते.

मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या आणि आम्ही शिक्षकही घरातून काम करणाऱ्यांत जमा झालो. मोबाइल डब्याला टेकवून, मागे कुकरची शिट्टी वाजत असताना शिकवावे लागले. तेव्हा एक गोष्ट स्पष्ट दिसली. ज्या घरांनी शाळेचे वेळापत्रक भिंतीला लावले, त्या घरांतली मुले तग धरून राहिली. ‘जमेल तेव्हा करू’ म्हणणाऱ्यांचे आज उद्यावर गेले आणि उद्या परवावर.

ब्रिटिश लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये थोडे गमतीने एक निरीक्षण मांडले होते. कामाला जितका वेळ मोकळा ठेवावा, तितके ते काम पसरत जाते. घरी बसून काम करणाऱ्यांना याचा रोजचा अनुभव आहे. संध्याकाळपर्यंत द्यायचे ब्लाउज संध्याकाळपर्यंत चालते आणि दुपारी जोहरपर्यंत द्यायचे असले तर दुपारीच होते. म्हणून पहिली गोष्ट ही : कामाला सुरुवात आणि शेवट असावा, आणि तो आदल्या दिवशी ठरलेला असावा.

अजान आणि घड्याळ

आपल्या घरांना एक सोय आधीच मिळालेली आहे. दिवसाचे पाच वेळा भाग पडतात. ऑफिसात बसणाऱ्याला चहाची सुट्टी आठवून घ्यावी लागते. आपल्याकडे अजान झाली की हातातले काम थांबते, वुजू होतो, पाठ सरळ होते, डोळ्यांना विसावा मिळतो. या वेळांना दिवसाचे खांब मानले तर त्यांच्यामधल्या जागेत काम नीट बसवता येते.

फजरनंतरचा तासभर घर शांत असते. ज्या कामाला डोके लागते ते या वेळेला ठेवावे : हिशेब, कापड बेतणे, शिकवणीची तयारी, अवघड अहवाल. मुले गेल्यापासून जोहरपर्यंत दिवसाचा सर्वांत मोठा सलग वेळ मिळतो, तो मुख्य कामाचा. जोहरनंतर जेवण आणि थोडी विश्रांती. असरपर्यंतचा वेळ हलक्या कामाचा : काज-बटण, घड्या, पॅकिंग, फोनची उत्तरे. मगरिबनंतरचा वेळ मुलांचा आणि घराचा. ज्यांच्याकडे शिकवणीची मुलेच संध्याकाळी येतात किंवा ज्यांची कंपनी परदेशातल्या वेळेनुसार चालते, त्यांनी आपले खांब आपल्या सोयीने लावावेत. मुद्दा एवढाच की खांब रोज तेच असावेत.

एक काळजी मात्र घ्यावी. नमाजच्या वेळा ऋतूप्रमाणे सरकतात. मुंबईत नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासात उलटून जातात. म्हणजे मगरिबच्या वेळेत सव्वा तासाचा फरक पडतो. म्हणून ग्राहकाला शब्द देताना घड्याळाची वेळ द्यावी आणि आपले वेळापत्रक दर दोन महिन्यांनी पुन्हा लिहावे.

टाचणवही सगळ्यांसाठी

बी.एड.ला आम्हाला पहिल्यांदा शिकवतात ते टाचण काढायला. उद्याच्या तासाला काय शिकवायचे, कोणत्या क्रमाने, किती वेळात, हे आज लिहायचे. घरातून काम करणाऱ्या प्रत्येकाने अशी एक वही ठेवावी. दहा-वीस रुपयांची वही पुरते.

रात्री झोपण्यापूर्वी उद्याची तीन कामे लिहावीत. दहा लिहू नयेत. दहा लिहिली की चार होतात आणि सहा राहिल्याचे दुःख होते. तीन लिहिली आणि तीन झाली तर माणूस समाधानाने झोपतो. काम मोठे असेल तर त्याचे तुकडे करून लिहावे. ‘लग्नाचे सहा ड्रेस’ असे लिहिले तर पाहूनच हात गळतात. ‘दोन ड्रेसचे कापड बेतणे’ असे लिहिले तर हात कात्रीकडे जातो.

काम सुरू करायला फार जड वाटत असेल, तर एक उपाय जगभर वापरला जातो. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो शोधला. स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे टायमर त्याने समोर ठेवले. पंचवीस मिनिटे फक्त एकच काम, मग पाच मिनिटे विश्रांती, असे चार वेळा झाले की मोठी सुट्टी. आपल्याला टोमॅटोचे घड्याळ नको, मोबाइलचा गजर पुरतो. फक्त गजर लावला की मोबाइल पालथा घालून हाताबाहेर ठेवावा.

खोली नसली तरी कोपरा हवा

दोन खोल्यांत सात माणसे राहतात तिथे कामाची वेगळी खोली कुठून आणणार? पण कोपरा ठरवता येतो, आणि कोपराही नसेल तर एक पेटी तरी ठरवता येते. कात्री, टेप, खडू, धागे, बिलबुक, पेन, चार्जर, सगळे एकाच पेटीत. पेटी उघडली की काम सुरू, बंद केली की काम संपले. हा नियम मुलांनाही लवकर समजतो. शिवाय कात्री शोधण्यात रोजची पंधरा मिनिटे जात असतील, तर सव्वीस दिवसांच्या महिन्यात साडेसहा तास होतात. एका कामाच्या दिवसाहून कमी नाही हे.

जागा निवडताना उजेड पाहावा. खिडकीचा उजेड बाजूने यावा, पाठीमागून आला तर आपलीच सावली कापडावर पडते. बारीक टाके घालणारे आणि स्क्रीनपुढे बसणारे, दोघांसाठी डोळ्यांचे डॉक्टर एक सोपा नियम सांगतात : दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट दूर पाहावे. खिडकीतून समोरच्या मशिदीचा मिनार किंवा झाड पाहिले तरी झाले. विड्या आणि खडेकामासाठी जमिनीवर बसावे लागते. तिथे पाठीला भिंत आणि गुडघ्याखाली उशी असावी, आणि तासाला एकदा उठून घरात फिरून यावे. तंबाखूचे काम शक्यतो हवेशीर ठिकाणी करावे, तान्ह्या मुलापासून दूर.

दारावरची घंटा आणि घरची माणसे

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. घरात मुलगा लॅपटॉपवर मीटिंगला बसला की सगळे घर कुजबुजत बोलते. टीव्हीचा आवाज बंद होतो, धाकट्याला बाहेर नेले जाते. त्याच घरात सून मशीनवर बसली असेल तर तिला चार वेळा उठवले जाते : चहा टाक, दार उघड, जरा बाळाला घे. दोघांचेही काम रोजीचेच. मग एकाच्या कामाला शांतता आणि दुसरीच्या कामाला हाक, हा न्याय कुठला?

हे भांडून सुटत नाही, बसून बोलल्याने सुटते. एखाद्या जुम्म्याच्या दिवशी जेवणानंतर घरातल्या सर्वांसमोर वेळापत्रक ठेवावे. ‘सकाळी दहा ते एक मी कामाला असते, तेवढा वेळ मला द्या,’ एवढेच म्हणावे. दिवसभर मागू नये, तीन तास मागावेत. तीन तास नाही म्हणणे कुणालाही जड जाते. त्या तीन तासांत दार कोण उघडणार, सासूबाईंचे औषध कोण देणार, गॅसवरचे दूध कोण पाहणार, हे नावानिशी ठरवावे. नवरा आणि मोठा मुलगा यांच्या वाट्यालाही काही येऊ द्यावे. हजरत खदीजा (रजि.) मक्केत राहून आपला व्यापार चालवत होत्या, हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) हाताने काम करून मिळालेले दान करत होत्या. कष्ट करणारी बाई आपल्या परंपरेला नवी नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीच मुलांना सांगावे.

शेजारच्या खाला आल्या तर त्यांना दाराबाहेर ठेवणे आपल्या रीतीत बसत नाही. पण ‘खाला, असरनंतर या, निवांत बसू’ असे प्रेमाने सांगितले तर राग येत नाही. दोन-चार वेळा सांगितले की त्या आपणहून असरनंतर येतात. लहान मुलांसाठी दारावर किंवा मशीनवर एक लाल फडके बांधावे. फडके आहे तोवर अम्मीला हाक मारायची नाही, पडले-लागले तर मात्र लगेच मारायची. पहिले आठ दिवस मुले विसरतील, मग तीच पाहुण्यांना सांगू लागतील.

हिशेब लिहिला की कामाला मान येतो

ज्या कामाचा हिशेब नाही, त्याला घरात किंमत नाही. म्हणून वहीच्या मागच्या पानावर रोजची जमा आणि खर्च लिहावा. समजा, एका साडीच्या फॉल आणि बिडिंगचे ७० रुपये मिळतात. फॉलची पट्टी आणि धाग्याला ३० रुपये गेले, उरले ४०. दिवसाला सहा साड्या झाल्या, २४० रुपये. दुकानात पोहोचवायला रिक्षाचे ४० रुपये गेले, उरले २००. कामाला पाच तास लागले, म्हणजे तासाला ४० रुपये पडले. हा आकडा समोर आला की विचार सुरू होतो. रोज सहा दिवस रिक्षा करण्याऐवजी आठवड्यातून दोनदाच माल पोहोचवला, तर आठवड्याला १६० रुपये वाचतात. फॉलच्या पट्ट्या डझनाने आणल्या तर आणखी काही वाचतात. दर वाढवून मागायचा असेल तेव्हाही हीच वही दुकानदारापुढे ठेवता येते. वही पाहिली की तोंडी बोलण्याला वजन येते.

शरीअतप्रमाणे बाईची कमाई ही तिची मालमत्ता आहे. ती आपल्या खुशीने घरासाठी खर्च करील, ते तिचे मोठेपण. पण ती कमाई तिच्या नावाच्या बँक खात्यात जमा व्हावी. मुलीच्या फीसाठी, स्वतःच्या औषधासाठी, नव्या मशीनसाठी तिला हात पसरावा लागू नये. जिच्या हाती महिनाअखेर काहीच राहत नाही, तिला दुसऱ्या महिन्यात उत्साहाने काम कर म्हणून सांगणे व्यर्थ आहे.

एकट्याने काम, पण एकाकी नव्हे

घरातून काम करणाऱ्याचा हुरूप जाण्याचे आणखी एक कारण म्हणजे एकटेपणा. चांगले काम झाले तर शाबास म्हणणारे कुणी नाही, चुकले तर दाखवणारे कुणी नाही. या बाबतीत एका मोठ्या उदाहरणाकडे पाहावे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचे पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ झाले. तिथे पीठ केंद्रावर मळले जाते. बहिणी ते घरी नेतात, लाटतात, वाळवतात आणि पापड केंद्रावर आणून देतात. तिथे माल तपासला जातो, मजुरी मिळते आणि नवे पीठ हाती येते. म्हणजे काम घरात, पण सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, तपासणी ठरलेली, पैसा ठरलेला आणि रोज चार बहिणींची भेटही ठरलेली. इतक्या वर्षांत हे टिकले यात नवल नाही.

अहमदाबादेत एला भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ ही कष्टकरी बायकांची संघटना नोंदवली. कापडाच्या चिंध्यांपासून खोळी शिवणाऱ्या मुस्लीम बायकाही तिच्यात आल्या. घरोघरी एकेकटी बसलेली बाई व्यापाऱ्याशी दर ठरवू शकत नव्हती, एकत्र आल्यावर ती बोलू लागली. पुढे १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरून काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र करारच मंजूर केला.

आपल्या मोहल्ल्यात एवढे मोठे काही उभे राहील तेव्हा राहो. चार-पाच जणींनी आठवड्यातून एकदा एका घरी जमून दोन तास आपापले काम सोबत केले, तरी पुष्कळ फरक पडतो. एकीला नवा गळा येत असतो, दुसरीला स्वस्त धाग्याचे दुकान माहीत असते, तिसरीची मुलगी मोबाइलवर हिशेब शिकवते. घरून कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या तरुणांनीही सकाळी एका मित्राला ‘आज ही तीन कामे’ आणि संध्याकाळी ‘झाली’ एवढा संदेश पाठवायची सवय लावावी.

रमजान आणि लगीनसराई

वर्षातून दोनदा प्रत्येक वेळापत्रक मोडते. रमजानमध्ये सहरी, इफ्तार, तरावीह, वर ईदच्या कपड्यांची गर्दी. लगीनसराईतही तेच. अशा वेळी नेहमीचे वेळापत्रक ओढत नेऊ नये, महिन्याचे वेगळे करावे. मुख्य काम सहरीनंतर आणि सकाळी उरकावे, असरनंतर काही ठेवू नये. ईदच्या ऑर्डर पंधराव्या रोज्याला बंद कराव्यात आणि तशी पाटी शाबानमध्येच लावावी. चाँदरातीला ग्राहकाची शिवी खाण्यापेक्षा पंधरा दिवस आधी नम्रपणे ‘नाही’ म्हणणे बरे. आगाऊ पैसे घेऊन वेळेवर न दिलेला कपडा ग्राहकाचा हक्क बुडवतो आणि आपली झोपही.

आजारपण, पाहुणे, मुलांच्या परीक्षा यांनीही दिवस बुडतात. आठवड्यात एक अर्धा दिवस मोकळा ठेवला तर बुडालेले काम तिथे भरून काढता येते. आणि एक दिवस खरीच सुट्टी घ्यावी. त्या दिवशी पेटी उघडूच नये.

कागदपत्रेही कामाचा भाग

असंघटित कामगारांसाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू केली. १६ ते ५९ वयाच्या, भविष्य निर्वाह निधी किंवा राज्य कामगार विम्यात नसलेल्या कामगाराला, घरी बसून काम करणाऱ्यालासुद्धा, ती मोफत करता येते. विडी कामगारांचा १९६६ चा कायदा घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानत होता. नोकरी करणाऱ्या बहिणींनी हेही ध्यानात ठेवावे की २०१७ च्या दुरुस्तीपासून बाळंतपणाच्या रजेनंतर, कामाचे स्वरूप तसे असेल तर, मालकाशी बोलून घरून काम मागता येते. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांनी शाळेत येऊन विचारले तर शिक्षक अर्ज भरून देतात. त्यात संकोच करू नये.

या महिन्यात फार काही बदलू नका. एक वही आणा, एक पेटी ठरवा, आणि घरच्यांकडे तीन तास मागा. महिन्याच्या शेवटी वहीतली बेरीज घरात सर्वांसमोर, मुलांसमोरही, मोठ्याने वाचा. आणि ज्यांच्या घरात अम्मी, बहीण, सून किंवा बायको असे काम करते, त्यांनी उद्या सकाळी दहा वाजता दारावरची घंटा वाजली की स्वतः उठून दार उघडावे.